रामनवमी, दुपारी साडेबारा

२१ एप्रिल २०२१, बुधवार. सकाळ.

रामनवमी असूनही नाशकाच्या पंचवटीत गर्दी नव्हती. कोविडमुळे राज्यभर देवळं भाविकांसाठी बंद होती आणि काळाराम मंदिरातला रामजन्माचा सोहळाही यंदा पुजाऱ्यांपुरताच होता. गर्दी होती ती गोदावरीच्या अलीकडे, रुग्णालयांच्या दारांत. त्या एप्रिलमध्ये नाशकात कुणी कुणाला फोन केला की पहिला प्रश्न एकच असे : बेड मिळाला का? आणि दुसरा : ऑक्सिजनची लेव्हल किती आहे?

जुन्या नाशकात कथडा भागात महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय आहे. त्या सकाळी तिथे दीडशेच्या आसपास कोविड रुग्ण होते आणि त्यांतले बहुतेक ऑक्सिजनवर होते. आवारात १३ किलोलिटरची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी उभी होती, बसवून फार दिवस झालेले नव्हते. ती आल्यावर सिलिंडर बदलायची रात्रंदिवसाची धावपळ संपणार, म्हणून केवढा दिलासा वाटला असेल!

त्या टाकीचं काम कसं चालतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सियसला द्रव होतो. तो पुरेशा प्रमाणात द्रवरूपात आणला क्राकूव्हच्या व्रोब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी, १८८३ साली. त्यांची नावं आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही क्वचितच माहीत असतात. एक लिटर द्रवापासून साधारण साडेआठशे लिटर वायू मिळतो, म्हणजे त्या एका टाकीत एक कोटी लिटरहून अधिक वायू मावत होता. द्रव टाकीतून व्हेपोरायझरच्या नळ्यांत जातो, बाहेरच्या हवेची ऊब घेऊन त्याचा वायू होतो आणि तो भिंतींतल्या तांब्याच्या पाइपांतून प्रत्येक खाटेच्या डोक्याशी पोहोचतो. कमी जागेत मोठा साठा आणि अखंड पुरवठा, हा त्याचा गुण. पण सगळ्या खाटा एकाच नळीवर अवलंबून असतात, हीही त्याचीच दुसरी बाजू.

दुपारी १२.

रामजन्माची वेळ. वॉर्डांत त्या वेळी प्रत्येक खाटेवर एकच गोष्ट बघितली जात होती : बोटाला लावलेल्या छोट्या चिमट्यावरचा सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, आकडा. ९४ म्हणजे हायसं वाटायचं, ८८ म्हणजे सिस्टरला हाक.

या चिमट्यामागच्या माणसाबद्दल दोन शब्द इथेच लिहायला हवेत. ताकुओ आओयागी हे जपानमधले अभियंते, डॉक्टर नव्हेत. हृदयातून किती रक्त वाहतं, हे कानातून प्रकाश पाठवून मोजायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि नाडीचे ठोके त्या मोजमापात सारखे अडथळा आणत होते. तो अडथळा काढून टाकता टाकता त्यांच्या लक्षात आलं की रक्तातला ऑक्सिजन मोजायची किल्ली त्या ठोक्यांतच आहे. लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांची तुलना केली की झालं, सुई टोचायचीही गरज नाही. १९७४ साली त्यांनी हे मांडलं. पुढे शस्त्रक्रियागृहांत भुलीखालच्या असंख्य लोकांचे जीव या यंत्रामुळे वाचले. १८ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, आओयागी गेले. त्यानंतर वर्षभरात त्यांचा चिमटा नाशकातल्या घराघरांत पोहोचला होता, पण त्यांचं नाव मात्र पोहोचलं नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास.

टाकीच्या व्हॉल्व्हजवळ गळती सुरू झाली. बघता बघता आवारात पांढरे लोट उठले. त्या दिवशीच्या चित्रफिती ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या डोळ्यांसमोरून ते लोट जात नाहीत. खरं तर ऑक्सिजन वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते हवेतल्या बाष्पाचं धुकं, कडाक्याच्या थंडीने गोठलेलं. त्या धुक्यात हात घालून व्हॉल्व्ह फिरवणं कुणालाही जमणारं नसतं. द्रव अंगावर उडाला तर कातडी भाजल्यासारखी जळते, आणि ऑक्सिजनने भरलेल्या हवेत एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेट घेतात. कुठला व्हॉल्व्ह आधी आणि कुठला नंतर, हे ठाऊक असलेला प्रशिक्षित माणूसच हवा, आणि तो त्याच मिनिटाला तिथे हवा. अग्निशमन दलाचे जवान आले आणि त्यांनी पाण्याचे फवारे सुरू केले.

पुढची मिनिटं.

इथे थोडा हिशेब करून बघू. १०० रुग्ण धरले आणि प्रत्येकाला मिनिटाला १० लिटर, तर मिनिटाला १,००० लिटर लागतात. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतात. म्हणजे दोन माणसांना जेमतेम उचलता येणारा तो सिलिंडर एवढ्या वॉर्डांना फक्त सात मिनिटं पुरतो. सात मिनिटांनी दुसरा लागतो, चौदा मिनिटांनी तिसरा. टाकी गळायला लागल्यावर पाइपांतला दाब उतरू लागला तेव्हा घड्याळ या वेगाने पळत होतं.

आपल्या भोवतीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. धडधाकट फुप्फुसाला तेवढा पुरतो. पण ज्यांचं फुप्फुस न्यूमोनियाने भरलं होतं, ते ६० किंवा ९० टक्क्यांवर तग धरून होते. त्यांच्यासाठी दाब उतरणं म्हणजे एका क्षणात २१ टक्क्यांवर फेकलं जाणं. तोंडावर मास्क तसाच राहतो, पिशवी मात्र फुगत नाही. मॉनिटरचा आवाज सॅच्युरेशन घसरतं तसा खालच्या पट्टीत उतरत जातो. तो उतरता सूर एकदा ऐकलेला माणूस जन्मात विसरत नाही.

नातेवाईक वॉर्डांत धावले. मिळेल तिथून सिलिंडर आणून, ओढत, ढकलत खाटांशी लावले गेले. कर्मचारी पीपीई किटच्या आत घामाने निथळत या खाटेवरून त्या खाटेकडे पळत होते.

माणसांच्या हातांनी श्वास टिकवल्याचं उदाहरण वैद्यकात आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली आणि श्वासाची यंत्रं अपुरी पडली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून पिशवी हाताने दाबायला सांगितली. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, रुग्णांना हाताने श्वास देत राहिले. आजचा अतिदक्षता विभाग त्यातूनच जन्मला. कथड्यातही हातांची आणि धडपडीची कमतरता नव्हती. पण दाबायच्या पिशवीत ऑक्सिजन यायला हवा, आणि तोच संपत चालला होता.

गळती थांबवली गेली, पुरवठा पुन्हा सुरू झाला. पण तोवर वेळ निघून गेली होती.

संध्याकाळ.

अधिकृत आकडा जाहीर झाला : २२ मृत्यू. वारसांना ५ लाखांची मदत आणि विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची चौकशी समिती, असे निर्णय झाले. मृतांच्या कागदांवर आजार कोविडच होता. मला मात्र ते मान्य होत नाही. ही माणसं दुपारी बारा वाजता आजाराशी लढत होती. त्यांना हरवलं ते टाकीच्या एका जोडाने. वैद्यकाच्या इतिहासात आपण लस शोधणारे आणि शस्त्रक्रिया करणारे मोजतो, पण टाकीपाशी बसून तासातासाला दाबाचा काटा बघणारा माणूस त्यात कुठेच नसतो. रुग्णालयाच्या पगारपत्रकातही तो बहुतेकदा शेवटच्या ओळीत असतो, तोही असला तर. त्या दुपारी दीडशे जणांचा खरा डॉक्टर तोच होता.

रात्री खाटा रिकाम्या राहिल्या नाहीत, कारण बाहेर रांग होतीच. बोटाचा चिमटा स्पिरिटने पुसायचा आणि पुढच्या माणसाच्या बोटाला लावायचा. दोन-तीन सेकंद पडद्यावर नुसत्या रेघा येतात, मग आकडा दिसतो.