४५० बोअरवरील बंदी: शिकारी रायफलीच्या आकड्यामागचा इतिहास

१/ साल १९१०, ब्रिटिश हिंदुस्थान. फासे, नकाशा आणि पात्रांचे तक्ते मांडून खेळल्या जाणाऱ्या एखाद्या ऐतिहासिक भूमिकाखेळात एक साहेब नुकताच मुंबई बंदरात उतरला आहे. त्याच्या तक्त्यावर शस्त्राच्या रकान्यात ‘नवी ४५० बोअर दुनळी रायफल’ असे लिहिले, तर इतिहासाचा जाणकार तेथेच थांबवील. ती रायफल या बंदरातून आत येऊ शकत नव्हती.

२/ बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. ४५० बोअर म्हणजे ०.४५० इंच, सुमारे ११.४ मिलिमीटर. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने १८९८ मध्ये या मापाचे ‘नायट्रो एक्सप्रेस’ काडतूस आणले. त्यात जुन्या काळ्या दारूऐवजी जवळजवळ धूर न करणारे कॉर्डाइट होते. सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेगाने सुटे.

३/ याआधी हत्ती वा गवा यांच्यासाठी प्रचंड नळीच्या, खांदा निखळवणाऱ्या बंदुका वापरत. बार होताच दाट धुरात जनावर दिसेनासे होई. नव्या दुनळीत दोन नळ्या, दोन चाप आणि दोन स्वतंत्र कळा होत्या. एक कळ फसली तरी दुसरी शाबूत राही. चवताळलेल्या जनावरासमोर हा दुसरा बार म्हणजेच प्राण.

४/ मग १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या शिकारी रायफली व काडतुसे आणण्यावर बंदी घातली. सुदानमध्येही तसेच झाले. या बंदीमागे वन्य प्राण्यांविषयीची दया नव्हती. सरकारला भय वाटत होते ते माणसांचे.

५/ ब्रिटिश फौजेने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफलही ४५० बोअरचीच होती. फौजेला नवी शस्त्रे मिळाली, तरी जुन्या मार्टिनी वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांकडे मोठ्या संख्येने पोहोचल्या होत्या. शिकारी काडतूस मार्टिनीत बसत नसे. पण त्यातील गोळी काढून मार्टिनीच्या पुंगळीत भरली जाईल, ही सरकारची धास्ती होती.

६/ हिंदुस्थान ही इंग्रज बंदूककारांची फार मोठी बाजारपेठ. त्यांनी कायदा न मोडता माप बदलले. जोसेफ लँग यांचे ४७०, हॉलंड अँड हॉलंडचे ४६५, वेस्टली रिचर्ड्सचे ४७६ अशी काडतुसे बाजारात स्थिरावली. ४७० ची गोळी किंचित जड, वेग जवळपास तोच. हत्तीला फरक कळण्याजोगा नव्हता. जकातीच्या अंमलदाराला मात्र कळत होता.

७/ दुनळी हाताने घडवावी लागे, म्हणून ती अतिशय महाग. तुलनेने स्वस्त पर्याय जर्मन माउझर धर्तीच्या बोल्ट रायफलीचा होता. एकच नळी, पण पेटीत अनेक काडतुसे. याच प्रकारासाठी रिग्बीने १९११ मध्ये ४१६ आणि हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये ३७५ मॅग्नम हे काडतूस आणले.

८/ तरीही केवळ शस्त्रावर निकाल ठरत नसे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेट कुमाऊँत चंपावतच्या नरभक्षक वाघिणीसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपल्यावर त्यांनी धावत जाऊन तहसीलदाराची जुनी, सदोष बंदूक घेतली आणि शेवटचा बार तिनेच काढला. पुढे गौरव म्हणून त्यांना रिग्बीची २७५ बोअरची रायफल भेट मिळाली.

९/ त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले. ज्या गावांतून ती माणसे उचलत होती, त्या गावकऱ्यांना मात्र परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नव्हती. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याच्या अंमलात युरोपियनांना सूट होती आणि सामान्य हिंदी माणसाला परवान्याची अट. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठवला.

१०/ म्हणून या काळावर खेळ रचताना रायफलीची मारकशक्ती हा शेवटचा आकडा असावा. पात्र साहेब आहे, संस्थानिक आहे की कुमाऊँचा शेतकरी? परवाना कोणाच्या सहीचा? खिशात काडतुसे किती, आणि ती कोणत्या मापाची? एकच वाघीण समोर असताना साहेबाला नेम धरायचा असतो. शेतकऱ्याला त्याआधी कचेरीची पायरी चढावी लागते.