'सण' या शब्दाचा मागोवा

गोंदिया शहराजवळील नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे व महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे पंचक्रोशीत सुपरिचित आहे. अशा प्रसंगास लोक सहजपणे 'सण' म्हणतात. बौद्ध कुटुंबांत मात्र हा शब्द उच्चारताना कधी कधी संकोच आढळतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जुने सण सोडले, तेव्हा शब्दही सोडावा काय? या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

'सण' हा संस्कृत 'क्षण' या शब्दापासून आला आहे. 'क्षण' म्हणजे काळाचा अल्प अंश, तसाच उत्सवही. अमरकोशाने उत्सवाच्या पर्यायांत तो दिला आहे. पालीत या दोन अर्थांस दोन रूपे लाभली. काळासाठी 'खण' आणि उत्सवासाठी 'छण'. जातककथांतील नगरवासी 'छण' साजरा करतात. मराठी 'सण' या 'छण' रूपाशीच जुळतो.

महाराष्ट्रातील पुरावा तर दगडावर कोरलेला आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गौतमी बलश्रीने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणे (क्र. ३) भिक्खुसंघास दान दिले. त्या प्राकृत लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी हा 'छण', उत्सव आणि 'समाज' करविणारा राजा म्हणून वर्णिला आहे. येथे 'समाज' म्हणजे लोकांचा उत्सवी मेळा. आजचा व्यापक अर्थ नंतरचा आहे. भिक्खूंच्या निवासाच्या भिंतीवर हे शब्द कोरताना दात्यास अथवा संघास त्यांत काही वावगे वाटले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

तथापि उत्सव तेवढा चांगला, असेही नव्हे. त्यापूर्वी सुमारे चार शतके सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात प्राण्यांचा बळी निषिद्ध केला, 'समाजा'त अनेक दोष दाखविले, आणि काही 'समाज' चांगलेही असतात असे त्याच लेखात नमूद केले. त्याने शब्द त्याज्य ठरविला नाही, आचरण पारखले.

सारांश, 'सण' हा शब्द कोणा एका पंथाची मिरास नाही. वैशाख पौर्णिमेस सण म्हणावे की मंगलदिन, हा रुचीचा प्रश्न आहे. त्या दिवशी हिंसा, व्यसन व उधळपट्टी टळते काय आणि दान व शील वाढते काय, हा खरा प्रश्न होय.