राजीनामा : संमतीच्या इतिहासातील एक शब्द

'राजीनामा' हा शब्द कानी पडला की आज अधिकारपद सोडून जाणारा मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो. हुबळी-धारवाडकडच्या कन्नडातही त्याचा हाच अर्थ रूढ आहे. हिंदीत मात्र त्याच शब्दाने उभय पक्षांची तडजोड सूचित होते, आणि मूळ अर्थाला हिंदीचा वापरच अधिक जवळचा आहे. 'राजी' म्हणजे कबूल आणि 'नामा' म्हणजे लेख. अर्थात राजीनामा म्हणजे संमतीपत्र. संमतीचा कागद सोडचिठ्ठीचा कागद कसा झाला, हे पाहू लागले असता आपल्या समाजात कोणाची संमती केव्हा व कशासाठी विचारली जात असे, याचा बराच उलगडा होतो.

हुबळीच्या परिसराने अनेक राजवटी पाहिल्या. हा मुलूख आदिलशाहीत होता. १६७३ साली अण्णाजी दत्तोंच्या फौजेने हुबळीची पेठ लुटली. १६८६ मध्ये विजापूर मोगलांच्या हाती गेले. पुढे सावनूरच्या नवाबांचा अंमल आला आणि १७५६ च्या सावनूर मोहिमेनंतर हुबळी पेशव्यांकडे आली. १८१७-१८ मध्ये येथे कंपनी सरकारचा अंमल बसला. राज्यकर्ते बदलले तरी हुबळीलगतच्या, आता औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झालेल्या तारिहाळसारख्या गावांत दैनंदिन कारभार पाटील-कुलकर्ण्यांच्या हातीच राहिला. बोली कन्नड आणि दफ्तर बहुतांशी मोडी मराठीचे, अशी या भागाची रीत पडली. राजीनामा, कबुलायत, जामीन हे शब्द दोन्ही भाषांत रुजले ते या दफ्तरामुळे.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीचा पाया या संमतीवर होता. वतनाचा वा सीमेचा तंटा उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापल्या तक्रीरी लिहून देत. कोणत्या थळी निवाडा व्हावा हेही ठरवावे लागे. प्रतिपक्षाचे वजन जेथे पडेल असे थळ नको, अशी हरकत घेण्याची मुभा असे. त्यानंतर दोघेही राजीनामा लिहून देत, की गोत सांगेल ते आम्हांस मान्य आहे. निवाड्याप्रमाणे वागण्याबद्दल जामीनही घेतला जाई. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीच्या या रीतीचे सविस्तर वर्णन आहे, आणि डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात मूळ कागदांच्या आधारे तिची सांगोपांग चिकित्सा केली आहे.

महजरावर साक्षी पडत, त्या पाहण्याजोग्या असतात. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, चांभाराची रापी अशा निशाण्या एकाखाली एक आढळतात. 'समाकुल पांढरी' म्हणजे सारे गाव हजर होते, असा निर्वाळा त्या देत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचीही मान्यता कागदावर उतरे. वतन विकणारा मनुष्य आपण 'आत्मसंतोषे' लिहून देत आहो असे नमूद करी. जुलमाने घेतलेला लेख टिकणार नाही, ही जाणीव त्या शब्दामागे होती.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेतले जाई; आपला दावा खोटा होता, पुन्हा भांडणार नाही, अशी ती कबुली. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. कागद राजीखुशीचा असला तरी तो लिहिणाऱ्याचे मन राजी होतेच असे नाही. साक्षीपुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्याचा मार्ग असे. तापल्या तेलातून धातूचा रवा काढण्यास कबूल होणाऱ्याची संमती कितपत मोकळी म्हणावी, हा प्रश्न उरतोच.

शिवाय संमती मागितली जाई ती घराण्याची, जातीची, गावाची. बटकी-कुणबिणींची खरेदी-विक्री पेशवाईत उघड चाले, आणि त्या व्यवहारात विकल्या जाणाऱ्या स्त्रीच्या होकाराला स्थान नव्हते. विवाहात कन्यादान बापाने करावयाचे. जिचे दान व्हावयाचे तिला कोणी विचारीत नसे. अनेक जातींत पाटाची व काडीमोडीची चाल होती आणि तेथे स्त्रीच्या इच्छेला काहीसा वाव मिळे, तरी अखेरची मान्यता जातपंचायतीचीच असे. आर्थर स्टीलने १८२७ साली दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचे जे संकलन केले, त्यात अशा चालींची नोंद आहे.

इंग्रजी अमदानीत रयतवारीची घडी बसली. आता रयतेचा करार थेट सरकारशी. जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यावयाचा आणि नव्या खातेदाराने कबुलायत लिहून द्यावयाची, अशी रीत मुंबई इलाख्यात पडली. 'जमीन दुसऱ्याच्या नावे करण्यास मी राजी आहे' असा तो लेख. पण त्याचे फळ म्हणजे हक्क सोडणे. म्हणूनच इलाख्यातील मराठी व कन्नड रयतेच्या मनात राजीनाम्याचा सोडण्याशी संबंध दृढ झाला असावा, आणि नोकरी सोडण्याच्या कागदालाही तेच नाव मिळाले असावे.

त्याच शतकाच्या अखेरीस संमतीचा प्रश्न घराच्या उंबरठ्याआत शिरला. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लागलेल्या लग्नासाठी त्यांना बळेच नांदावयास धाडणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला व वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. रानडे, तेलंग, भांडारकर बाजूने आणि टिळक विरोधात, अशी महाराष्ट्राची त्या वेळी फाळणी झाली.

गोतसभेच्या काळात पक्षकार निवाड्याआधी राजीनामा लिहून देई आणि सारे गाव त्याला साक्ष असे. रखमाबाईंच्या लग्नात असा कोणताही लेख त्यांच्याकडून कोणी मागितला नव्हता. विवाहाच्या रीतीत त्याला जागाच नव्हती. बांधाच्या तंट्यात शतकानुशतके विचारला गेलेला प्रश्न मुलीच्या बाबतीत विचारला जावयास एकोणिसावे शतक संपत यावे लागले, आणि तोही एका स्त्रीने नकार दिला तेव्हा.