चूल बसवली, पण पुढं काय?

आजचा एपिसोड चुलीवर आहे. चुलीवरच्या मटणावर नाही बरं का, चुलीच्या धुरावर.

हायवेला 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी दिसली की आपण गाडी थांबवतो. पण जी बाई रोज दोन वेळा चुलीपुढं बसते, तिच्या छातीत काय जातं? जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की स्वयंपाकाच्या इंधनामुळं घरातली हवा खराब होऊन २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली.

बरं, हे कुणाला दिसलंच नव्हतं असंही नाही. आपल्याच वर्ध्यात, मगनवाडीला, जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघात १९४० च्या दशकात 'मगनचूल' तयार झाली. चूल मातीचीच, पण धूर वर जायला धुराडं. पुढं १९८० च्या दशकात कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी गुजरातच्या खेड्यांत गेले. स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी उपकरणं लावून त्यांनी मोजलं, की त्यांच्या श्वासात किती धूर जातो. आकडे भयंकर निघाले.

त्याच दशकात सरकारनं राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. सबसिडी होती, टार्गेट होतं. देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. कागदावर जबरदस्त! घरात मात्र कुठं धुराडं काजळीनं तुंबलं, कुठं चुलीला तडे गेले, कुठं घरातलं भांडंच तिच्यावर नीट बसेना. दुरुस्ती कोण करणार? मोजणी फक्त 'किती बसवल्या' याची होती. 'किती पेटतात' हे क्वचितच कुणी विचारलं. २००२ मध्ये केंद्रानं कार्यक्रम थांबवला.

इथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. पुण्यात १९९६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी 'आरती' ही संस्था उभी केली होती. सरकारी सबसिडी बंद झाल्यावर आरतीनं वेगळा रस्ता धरला. कुंभारांना आणि गावातल्या बायकांना साच्यातून चुली करायचं प्रशिक्षण दिलं, आणि सांगितलं, आता या विका. 'लक्ष्मी', 'भाग्यलक्ष्मी' अशी त्या चुलींची नावं.

विकायच्या कशाला, गरिबाला फुकट द्या की! असं वाटतं ना? पण बघा, फुकट आलेल्या चुलीबद्दल तक्रार करायची कुणाकडं? पैसे मोजलेली बाई मात्र गावातल्या कारागिराला बाजारात गाठून विचारणार, 'तुझी चूल का धुरते रे?' आणि त्याला उत्तर द्यावंच लागणार, कारण पुढची चूल त्याला त्याच गावात विकायचीय.

इंधनाचंही तसंच. ऊसतोडीनंतर शेतकरी पाचट पेटवून देतात. आरतीनं त्याचा कोळसा करून कांड्या पाडायची पद्धत बसवली. तिला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅसला २००६ मध्ये. कोळशाला धूर कमी असतो, पण त्याचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून खिडकी उघडी हवीच. आणि जिच्या हातात रोजची मजुरीही टिकत नाही, तिला विकतची चूल परवडेलच असं नाही. म्हणजे नुसत्या धंद्यानंही प्रश्न सुटत नाही.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. कोट्यवधी घरांत सिलिंडर गेला, ही मोठीच गोष्ट आहे. पण मला पुन्हा तोच जुना प्रश्न पडतो: दुसरा सिलिंडर कोण भरणार? पैसे संपले की कोपऱ्यातली चूल परत पेटते.

मगनचुलीपासून आजपर्यंत यंत्रं बदलत गेली. टिकली तीच, जिच्या मागं कुणीतरी जवळचं माणूस उभं राहिलं. तुमच्या गावी सिलिंडर संपल्यावर काय पेटतं? या सुट्टीत गेलात की जरा स्वयंपाकघरात डोकावून विचारा, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!