वळचणीचा कप

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना मध्येच एसटीचा हॉर्न ऐकू आला असेल. रेकॉर्डिंग गावी केलं होतं, मुरबाड तालुक्यात, आमच्या पडवीत बसून. लिहून काढताना हॉर्न गाळलाय, चार वाक्यं सरळ केलीत, बाकी बोललो तसंच आहे.

तर झालं असं. या उन्हाळ्यात घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला. वास्तुशांतीच्या आधी आई म्हणाली, "अरे, त्या टवके उडालेल्या कपबश्या आता नको. चांगला सेट आण." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच एक्सेल शीट उघडली आणि कॉलम केले: मटेरियल, किती मिली, वजन, मायक्रोवेव्हमध्ये चालतो का. आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही, तरी कॉलम केला. शहापूरच्या बाजारात दोन दुकानं फिरलो, रात्री मोबाईलवर शंभरेक सेट बघितले आणि शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आईला विचारलं, तुला नक्की काय हवंय?

तिने तीन गोष्टी सांगितल्या. बशी खोल हवी. हाडाचे कप नकोत. आणि तिसरी: "सहा चांगले पाहुण्यांना, सहा घरात रोजला, आणि चार साधे आण, बाहेरचे."

बाहेरचे म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही लागणार नाही. त्यावर येतोच, पण आधी बशी.

ऑफिसात मी बशीत चहा ओतला की लोक बघतात. गावठी वाटतं त्यांना. गंमत अशी, की ही पद्धत इंग्लंडातही होती. चीनमधून युरोपात जे कप गेले त्यांना कानच नव्हते. गरम चहा हातात धरवायचा नाही, म्हणून अठराव्या शतकात तिकडची माणसं चहा खोल बशीत ओतून, जरा निवू देऊन प्यायची. पुढे ते अडाणीपणाचं ठरलं, कपाला कान आला, आणि बशी उथळ होत होत कप ठेवायची ताटली झाली. आज ऑनलाइन मिळणारे नव्वद टक्के सेट ह्या ताटलीवाल्या जातीचे. मी बघितलेले तरी. त्यातल्या बशीत आईने चहा ओतला तर तो कोपरापर्यंत येईल.

आमच्याकडे बशी हे अजून भांडं आहे. पहाटेची एसटी गाठायची असते, चहा पटकन निववावा लागतो. शिवाय एका चहात दोन माणसं भागतात, एकाला कप, एकाला बशी. टपरीवर तुम्ही हे मित्राबरोबर केलंच असेल. आता जरा आठवून बघा, कुणाबरोबर केलं नाहीत?

हाडाचे कप म्हणजे बोन चायना. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटला स्पोड नावाच्या कारखानदाराने ही पद्धत बसवली. मातीत जनावराच्या हाडांची राख मिसळायची, तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. कप पांढराशुभ्र होतो, पातळ असूनही टणक राहतो, उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतात. नाव सरळ आहे, काही लपवलेलं नाही, पण आपल्याकडे अनेकांना ते सेट घरात आल्यावर कळतं. आईला तो मालच नको होता. तिथे वाद नाही.

पण चिनी मातीबद्दलचा संशय हाडांच्याही आधीचा आहे. सोवळ्याओवळ्याच्या हिशोबात धातूचं भांडं विटाळलं तर राखेने, चिंचेने घासून शुद्ध करता येतं. मातीचं विटाळलं तर टाकून द्यायचं. मग ही चकचकीत चिनी मातीची कपबशी, ती मातीत धरायची की कशात? म्हणून पितळेच्या कपबश्या निघाल्या, पुढे स्टीलच्या. माझ्या आजीकडे पितळेची एक जोडी होती. त्यात चहा प्यायचा म्हणजे ओठ भाजून घ्यायचे. धर्म सांभाळला जायचा, ओठ नाही.

आणि चहावरून अख्ख्या शहराचा धर्म धोक्यात आल्याची गोष्ट पुण्याची आहे. पण ती घडवून आणणारा माणूस आमच्या शेजारच्या कल्याणशी जोडलेला. गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे नवरे. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा, कल्याणचा, आणि गोपाळराव तिथे पोस्टात कारकून होते. आनंदीबाई अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि १८८७ मध्ये गेल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, ह्या विक्षिप्त गृहस्थाने पुण्यातल्या बड्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमवलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झालं, मग मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटं समोर ठेवली. कुणी चहा प्यायला, कुणी कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला, कुणी तेवढंही केलं नाही.

गोपाळरावांनी काय करावं? हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. आजच्या भाषेत, ग्रुपमधला स्क्रीनशॉट व्हायरल केला.

मग जे पेटलं ते दोन वर्षं विझलं नाही. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून बहिष्कार, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, त्यांनी चौकशी नेमली. टिळकांनी शास्त्रातले आधार काढले आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय असं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्याबद्दल सुधारकांनीच त्यांना धारेवर धरलं. हायकोर्टाची पायरी चढणारा माणूस, पण एका कपाने त्याला दोन्ही बाजूंनी अडकवलं. मला आधी हे विनोदी वाटायचं. आता रानड्यांची जरा कीव येते, कारण त्यांच्या घरातही माणसं होती, लग्नं होती, श्राद्धं होती. बहिष्कार एकट्या पुरुषाला सोसायला लागत नाही.

तेव्हा चहा मूठभर लोकांचा होता. सर्वसामान्यांपर्यंत तो मुद्दाम पोचवला गेला. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर कर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत, गिरण्यांत चहाचे स्टॉल लागले. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा याचे बोर्ड लागले. आणि त्याच स्टेशनांवर हिंदू चहा वेगळा, मुसलमान चहा वेगळा विकला जायचा. पत्ती त्याच मळ्यातली. भांडं वेगळं. (कॉफीचं काय, असं कुणीतरी कॉमेंटमध्ये विचारणारच. आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ किसून, उपासाला नाहीतर पाहुण्याला, आणि तीही चहाच्याच कपात. पुढे जाऊ.)

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे राजवाड्यात नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराज बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. चहा चांगला, भांडी घासूनपुसून लख्ख. गिऱ्हाईक शून्य. महारानं हॉटेल काढलंय म्हणून कुणी फिरकेना. मग महाराज स्वतः दारात गाडी उभी करून चहा मागवायला लागले. स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांना, सरदारांना घ्यायला लावायचे. समोर छत्रपती कप तोंडाला लावतोय, कोण नाही म्हणणार? भाषण नाही, चौकशी समिती नाही. कप घे आणि पी.

पण राजा सगळीकडे पुरत नाही, म्हणून कायदा लागतो. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, ते आपण सगळ्यांनी घोकलंय. त्यानंतर १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ मध्ये त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं कलम ४ शोधून वाचा. त्यात हॉटेलात, धर्मशाळेत लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा गुन्हा म्हणून वेगळा लिहिलाय. देशाच्या कायद्याला भांड्यांबद्दल स्वतंत्र ओळ घालावी लागली. मी ती ओळ तीनदा वाचली.

आता बाहेरचे चार.

आमच्याकडे आवणीला कातकरी वाडीवरून माणसं येतात. कात काढणारे ते कातकरी. जंगल गेलं तसा तो धंदा गेला, आता पावसाळ्यात आवणी आणि पाऊस सरला की वीटभट्टी. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींत त्यांची गणना होते. मी लहान असताना पडवीच्या वळचणीला कान तुटलेले चार कप खोचलेले असायचे. चहा आई करायची, एकाच टोपात, सगळ्यांना तेच दूध, तीच साखर. मग ती माणसं वळचणीचा कप स्वतः काढायची, पुढे धरायची, आई वरून ओतायची. पिऊन झालं की कप स्वतः विसळून परत खोचायची. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. आई तर भाकरीही द्यायची. हे सगळं मी रोज बघत होतो, आणि त्याच व्हरांड्यात बसून कलम १७ पाठ केलं. पेपरात आलंही होतं. पूर्ण मार्क पडले.

या वेळी मी आईला म्हटलं, बाहेरचे आणणार नाही. ती म्हणाली, "त्यांनाच अवघडल्यासारखं होतं रे. मागतात का ते?" मी शाहू महाराजांची गोष्ट सांगितली. तिने शांतपणे ऐकली. म्हणाली, "ते राजे होते. मला गावात राह्यचंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शनिवारी येतो, रविवारी रात्री जातो. शेजारणीचं बोलणं सोमवारी तिला ऐकायचंय.

शेवटी मी कल्याणच्या होलसेल बाजारातून डझनावर मिळणारे, हॉटेलात असतात तसले जाड पांढरे कप आणले. दोन डझन. सगळे सारखे, बशी खोल, कपात १०० मिली मावतं. पाहुण्यांचे, रोजचे, असा फरकच ठेवला नाही. एक फुटला तर तसाच दुसरा मिळतो, फुलाफुलांच्या सेटमधला मिळत नाही. तुम्ही घेणार असाल तर हेच सांगेन. आई म्हणाली, "दवाखान्यातल्यासारखे दिसतात." दिसतात खरे.

जुलैत आवणी सुरू झाली. आईने आत चहा कपांत ओतला, ट्रे भरला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी बाहेर नेऊन पायरीवर ठेवला. वाडीवरचे एक बाबा वर बघत होते, सवयीने, वळचणीकडे. स्लॅब पडल्यापासून आमच्या घराला वळचण नाही. मग त्यांनी ट्रेमधला कप उचलला, बशीत ओतला, दोन फुरक्यांत संपवला आणि उठून नळाकडे गेले. आई दारातून म्हणाली, "राहू दे बाबा, ठेव तिथंच."

त्यांनी कपबशी धुतलीच. आणि मग ती हातात धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले, कुठे ठेवायची ते न कळून.