पडण्याची लाज सोडलेली माणसे



मुखेडच्या बाजारात आपल्याला बर्फ भेटतो तो गोणपाटात गुंडाळलेल्या लादीच्या रूपात, नाही तर जत्रेतल्या लाल-पिवळ्या गोळ्याच्या रूपात. आभाळातून येतो तो गारा होऊन, आणि तेव्हा आपण ज्वारी-हरभऱ्याकडे बघून कपाळाला हात लावतो. पण जगात असेही मुलूख आहेत, की जिथे हिवाळ्यात नद्या आणि तळी वरून गोठतात, आणि बर्फाचा थर इतका जाड होतो की माणसे त्यावरून खुशाल चालतात. तिथले लोक पायांना पोलादी पाती बांधून त्या बर्फावरून सरसर घसरत जातात. या विद्येला स्केटिंग म्हणतात.

तुम्ही म्हणाल, मन्याडच्या काठच्या माणसाला ही उठाठेव कशाला? तर ऐका. मूल ही विद्या शिकते ती चालायला शिकल्यासारखी. पडते, रडते, उठते. त्याची उंची थोडी, म्हणून पडण्याचे अंतरही थोडे. मोठ्या माणसाचे तसे नसते. अंग आखडलेले, वजन जास्त, आणि सगळ्यांत जड ती अब्रू. ‘आता या वयात पडलो तर लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न त्याचा पाय धरून ठेवतो. आपल्या गावात साक्षरतेच्या वर्गाच्या दाराशी घुटमळणाऱ्या आजीच्या मनात तरी दुसरे काय असते? म्हणून बर्फावरच्या माणसांनी या प्रश्नाचे काय केले, ते पाहण्याजोगे आहे.

स्केटिंगचा आरंभ खेळात नाही, गरजेत आहे. हजारो वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या लोकांनी घोड्याच्या आणि गुराच्या नळीची हाडे घासून सपाट केली आणि ती पायाखाली घेतली. हाडाला धार नसते. म्हणून हातात काठी घ्यायची, ती दोन्ही पायांच्या मध्ये बर्फावर रेटायची आणि पुढे सरकायचे. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन नावाच्या लेखकाने लंडन शहराचे वर्णन लिहिले. त्यात गोठलेल्या दलदलीवर अशी हाडे बांधून पळणारी तरुण मंडळी आहेत. ती पाखरासारखी वेगाने जातात असे तो सांगतो, आणि पडून हात-पाय मोडून घेतात हेही सांगतो. म्हणजे बघा, पडण्याची नोंद आरंभापासूनच आहे.

पुढे हॉलंडात, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास, लाकडी तळव्याला लोखंडी पाते बसवले गेले. हा फरक दिसायला लहान, पण फार मोठा. पात्याला कड असते, आणि ती कड बर्फात रुतते. एका पायाने बाजूला रेटा द्यायचा आणि दुसऱ्या पायावर घसरत जायचे. हातातली काठी सुटली. हॉलंड हा कालव्यांचा देश. उन्हाळ्यात ज्या कालव्यातून होडी जायची, तोच हिवाळ्यात रस्ता झाला. बाजाराला जाणारा शेतकरी, निरोप घेऊन निघालेला माणूस, सगळे त्याच वाटेने जाऊ लागले.

त्या देशात हेंड्रिक आव्हरकाम्प नावाचा चित्रकार १५८५ ते १६३४ या काळात होऊन गेला. तो मुका होता. गोठलेल्या नदीवरची माणसे हा त्याचा आवडता विषय. त्याच्या चित्रांत भरजरी कपड्यांतले सरदार आहेत आणि ठिगळे लावलेले गरीबही आहेत, बाया आहेत, पोरे आहेत. आणि कुठे ना कुठे एखादा बर्फावर आपटलेलाही आहे. बाकीची माणसे आपापल्या वाटेने चाललेली असतात. पडणे हा तिथे तमाशा नव्हता. जिथे सगळेच पडतात, तिथे हसायचे कोणी आणि कोणाला?

इंग्लंडातली गोष्ट थोडी निराळी. तिथल्या राजाचे घराणे परागंदा होऊन काही काळ हॉलंडच्या आश्रयाला होते. १६६० साली राजा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, आणि दोनच वर्षांनी, १६६२ च्या डिसेंबरात, लंडनच्या राजबागेतल्या गोठलेल्या पाण्यावर लोक पाती बांधून घसरताना दिसले. सॅम्युअल पेपिस या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत ते मोठ्या नवलाने टिपून ठेवले. पुढे १७७२ साली रॉबर्ट जोन्स या लष्करी अधिकाऱ्याने स्केटिंगवर इंग्रजीतले पहिले पुस्तक लिहिले. आता विचार करा, चार-पाच वर्षांचे पोर काही पुस्तक वाचून घसरायला शिकत नाही. पुस्तक लागते ते मोठ्या माणसाला.

पण जिथे हा मानमरातबाचा खेळ झाला, तिथे लाजही आली. चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने १८३६-३७ साली लिहिलेल्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये विंकल नावाचे एक सद्गृहस्थ आहेत. त्यांना स्केटिंग येत नाही, पण येत नाही असे म्हणवत नाही. शेवटी चारचौघांपुढे पाती बांधून ते बर्फावर उभे राहतात आणि दुसऱ्या एकाला घेऊन आपटतात. त्याच प्रसंगात म्हातारे पिकविक साहेब आहेत. ते म्हणतात, कित्येक वर्षांत मी असले काही केलेले नाही. आणि साध्या बुटांनी रांगेत शिरून मनसोक्त घसरगुंडी खेळतात. दोघेही मोठ्या वयाचे. एकाने अज्ञान झाकले, दुसऱ्याने ते बोलून दाखवले. आनंद कोणाला मिळाला, हे सांगायला नकोच.

बायकांनाही या बर्फावर वेगळी वाट काढावी लागली. १९०२ साली मॅज सायर्स या इंग्रज बाईंनी जागतिक स्पर्धेत नाव दिले. नियमांत स्त्रियांना मनाई नव्हती, कारण कोणी बाई येईल असे कोणाच्या ध्यानीमनीच नव्हते! सगळ्या पुरुषांत त्यांचा दुसरा क्रमांक आला. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची वेगळी स्पर्धा झाली, तेव्हा सुवर्णपदक त्यांनीच घेतले.

आता बर्फ नसलेल्या मुलखांकडे वळू. १८६३ साली अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन यांनी चार चाकांचे असे स्केट काढले, की अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला ते वळतात. त्यामुळे फरशीवरही ही विद्या शिकता येऊ लागली. १८७६ साली लंडनमध्ये जॉन गॅमगी यांनी नळ्यांतून थंड द्रव खेळवून यंत्राने गोठवलेले मैदान तयार केले. भारतात सिमल्याला १९२० साली ब्लेसिंग्टन नावाच्या गृहस्थाने टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून ते रात्रीच्या थंडीत गोठू दिले. सिमल्याचे ते उघडे मैदान नावारूपाला आले. तिथे सकाळ-संध्याकाळच स्केटिंग करायचे, कारण दुपारच्या उन्हात बर्फ पाझरतो.

आणि आपला महाराष्ट्र? आपल्याकडची मुले-मुली शिकतात ती बहुधा चाकांवर, सिमेंटच्या मैदानात. पण २०२४ च्या फेब्रुवारीत लेहला ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ झाले, तेव्हा बर्फावरच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राच्या खेळाडूंनी पदके मिळवली. ज्या राज्यात नदी गोठत नाही, त्या राज्याच्या पोरांनी हिमालयात जाऊन! एकीकडे कमावलेला तोल दुसरीकडे उपयोगी पडतो, तो असा.

तोल म्हटले की आपल्याकडची एक गोष्ट आठवते. पावसाळ्यात काळ्या रानातून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येणारी बाई कशी चालते, ते निरखून बघा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आखूड, नजर पुढे. एका पायावर सगळा भार नीट आल्याशिवाय ती दुसरा पाय उचलत नाही. बर्फावर नवख्या माणसाला पहिला धडा हाच देतात! चिखलात आणि बर्फात फरक एवढाच, की बर्फाच्या अगदी वरच्या पापुद्र्यातले कण आतल्या कणांसारखे घट्ट बांधलेले नसतात, म्हणून तो निसरडा असतो. मायकेल फॅरडे यांनी याची कल्पना १८५० सालीच मांडली होती. पाय सरळ मागे रेटला तर तो नुसताच निसटतो. तिरपा करून, पात्याच्या आतल्या कडेने बाजूला रेटला, तर माणूस पुढे जातो.

पण त्याआधी शिकवतात ते पडायला. तोल गेला असे वाटले की ताठ राहायचे नाही. गुडघे वाकवून खाली बसते व्हायचे आणि कुशीवर टेकायचे. हात जमिनीला देऊन अंग तोलायला गेलात, तर मनगट मोडते. मुठी मिटून घ्यायच्या, म्हणजे बोटे कोणाच्या पात्याखाली येत नाहीत. मग गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल हातांच्या मध्ये ठेवायचे आणि उठायचे. हॉलंडात नवख्याच्या हाती एक साधी खुर्ची देतात. ती पुढे ढकलत तो चालतो. तिला धरून शिकण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, आणि एक दिवस ती आपोआप मागे राहते.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही खुर्ची मला फार महत्त्वाची वाटते. मोठ्या माणसांना शिकवण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली. २०२२ साली पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला. वर्ग निघतात, पाट्या-पुस्तकेही येतात. अडते कुठे? पन्नाशीच्या मावशी ‘क’ उलटा काढतात, दारातली पोरे फिदीफिदी हसतात, आणि दुसऱ्या दिवशी मावशी येत नाहीत. त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते. त्यांना चारचौघांत पाडले, आणि उठायला जागा दिली नाही.

म्हणून वर्गात आधी चुकायची सोय करा. पोरांना दारातून हटवा. पाटीवर लिहू द्या, म्हणजे चुकलेले पुसता येते. पहिला शब्द मावशींच्या रोजच्या कामातला घ्या, म्हणजे त्यांचा कमावलेला तोल कामी येईल. आणि गुरुजी, शक्य झाले तर तुम्हीही त्यांच्याकडून एखादे काम शिका. भाकरी थापून बघा, म्हणजे वर्गात सगळेच चुकणारे होतील. आव्हरकाम्पच्या चित्रात आपटलेल्या माणसाला कोणी हसत नाही, कारण बघणारा प्रत्येकजण कधी ना कधी तिथेच आपटलेला असतो.