शब्दवेध : सातबारा

‘सातबाऱ्यावर माझं नाव नाही, मग वडिलांच्या जमिनीतला हिस्सा गेला का?’ पुष्कळदा हे एखादी बहीण विचारते, तेही दबक्या आवाजात.

शब्द तलाठ्याच्या दप्तरातला. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एकाच उताऱ्यावर आले आणि आकड्यांचंच नाव पडलं. कागद मुळात महसुलासाठीचा. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरतात. पण मालकी येते खरेदीखत, वारसा, वाटणी यांतून, आणि तिचा वाद सोडवतं दिवाणी न्यायालय. नुसतं नाव लागलं नाही म्हणून मुलीचा वारसाहक्क बुडत नाही. तिने वारसनोंदीचा अर्ज जरूर द्यावा. हक्कसोडपत्र मात्र पूर्ण समजून घेतल्याशिवाय सही करू नये, समोर सख्खा भाऊ असला तरी.